नानांच्या खाणावळीतली हाळी

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. पुण्यामुंबईची माणसं हल्ली जुन्या खाणावळी शोधत गावोगाव हिंडतात, तुम्ही कराडच्या नानांच्या खाणावळीत उभा जन्म वाढपी होता, तर काही ‘खमंग आठवणी’ लिहून पाठवा, असं त्यात होतं. खमंग हा त्यांचा शब्द. मी पत्र दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिलं.

चार दिवसांनी नानांचा नातू घरी आला. आता खाणावळ तो चालवतो. त्यानं फरशी बसवली आहे, टेबलं-खुर्च्या आणल्या आहेत आणि ज्या पाटांवर आम्ही माणसं जेवायला बसवायचो ते पाट भिंतीला खिळ्यांनी टांगले आहेत. लोक त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढतात म्हणे. पोरगा तसा चांगला आहे. म्हणाला, “आबा, दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस दारात खुर्ची टाकून देतो. तुमी नुस्तं बसायचं आन् जुनी हाळी द्यायची. लोकं लय खूश हुतील.”

मी नाही म्हणालो. त्याला वाटलं म्हाताऱ्याचा आवाज गेला. आवाज अजून खणखणीत आहे. सकाळी गल्लीतल्या म्हशीवर ओरडतो तेव्हा ती मुकाट्यानं बाजूला होते. पण हाळी मी देणार नाही. का ते त्याला सांगितलं नाही. इथं लिहितो, म्हणजे त्यालाही वाचता येईल.

आधी हाळी म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्याला काहीच कळायचं नाही.

खाणावळ नानांच्या वडलांनी काढलेली, प्लेगच्या साथीनंतर. बाजारपेठेच्या मागच्या बोळात पुढे एक पडवी, आत लांबट खोली, खोलीत दोन रांगांना वीस पाट. पलीकडे भिंत, भिंतीत दार, दाराला गोणपाटाचा पडदा आणि पडद्यामागे चूल. चुलीपुढे गौरामावशी. ती नानांची लांबची मावशी, बालविधवा. तीस वर्षं तिनं त्या चुलीपुढे काढली आणि तीस वर्षांत तिनं जेवणाऱ्या एकाही माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. पुरुषांच्या पंगतीत बाईमाणसानं यायचं नाही अशी तिची तिनंच रीत घालून घेतलेली.

मग कुणाला काय लागतं हे तिला कळायचं कसं? तर हाळीवरून. गिऱ्हाईक पाय धुऊन पाटावर टेकलं की वाढप्यानं पडद्याकडे तोंड करून त्याचं नाव पुकारायचं. खरं नाव नव्हे, खाणावळीतलं नाव. मामलेदार कचेरीतले एक कारकून होते, त्यांचं पोट कायम बिघडलेलं. “कचेरी एक!” म्हटलं की मावशी आमटीवरचं पातळ पाणी तेवढं वाटीत घ्यायची. “तालीम एक!” म्हणजे एक पैलवान, त्याच्या भाकऱ्या चारचारच्या चळतीनं बाहेर यायच्या. एक म्हातारे सोनार होते. त्यांची बायको वारलेली. तिला आयुष्यभर पिठलं कधी नीट जमलं नाही, गुठळ्या व्हायच्याच. ती गेल्यावर सोनारांना गुळगुळीत पिठलं घशाखाली उतरेना. “गुठळी एक!” अशी हाळी गेली की मावशी पिठलं मुद्दाम बिघडवायची. आज कुण्या मोठ्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं ते करून दाखवावं.

आणि प्रत्येक हाळीला मावशी आतून उत्तर द्यायची, “आला का!” त्या दोन शब्दांसाठी लोक आमच्याकडे यायचे, असं माझं आजही मत आहे.

वाढप्याच्या कामाबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. ओगराळं बुडवायचं आणि ओतायचं, यात काय मोठंसं, असं वाटतं. नानांचा दंडक होता, वाढप्यानं गिऱ्हाइकाला ‘काय पाहिजे’ असं विचारायचं नाही. विचारलं की त्या दिवशी पंगतीतून उचलबांगडी आणि भांडी घासायला रवानगी. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत त्याचं पान ओळखायचं. मी तोंडाकडे बघतच नसे. तोंड ‘नको, नको’ म्हणतं, बोटं खरं बोलतात. भाकरीचा शेवटचा चतकोर माणूस मोठा मोडतो की लहान, यावरून त्याला अजून हवी की पुरे झाली हे कळतं. माणूस पाटावर कसा बसतो, कोणता गुडघा वर घेतो, मीठ कोणत्या बोटानं सारतो, हे मला पाठ होतं. बाजारात गाठ पडली तर मी कित्येकांना ओळखत नसे, पण पाटावर टेकले की ओळखलंच. याचा मला फार गर्व होता. पुढचं सगळं त्या गर्वानंच केलं, म्हणून एवढं लांबण लावून सांगितलं.

लढाईचे दिवस होते. टंचाईत तांबडी ज्वारी तेवढी मिळायची, तीही खड्यांसकट. तिची भाकरी तव्यावर टाकली की फाटायची. मावशी रोज त्या ज्वारीला शिव्या घालत गरम पाण्यानं पीठ मळायची. त्या भाकरीचंही जो मनापासून कौतुक करायचा असा एकच माणूस होता. वाळव्याकडचा, तिशीतला, उंच. बाजारच्या दिवशी यायचा. त्याला भाकरी दोनदा भाजून लागायची. एकदा तव्यावर आणि मग चुलीतल्या निखाऱ्यांना टेकवून उभी, कडकड वाजेपर्यंत. त्याचं नाव आम्ही ‘खरपूस’ ठेवलं. पहिल्यांदा ती भाकरी खाल्ली तेव्हा मला म्हणाला, “आतल्या बाईला सांग, आई गेल्यापास्नं अशी भाकरी आज मिळाली.” मी जाऊन सांगितलं. त्यानंतर दर बाजारी एक भाकरी निखाऱ्याला टेकलेली असायची, हाळी जायच्या आधीच.

बेचाळीसची चळवळ पेटली आणि तो यायचा थांबला. त्याच्यावर वॉरंट आहे, तो भूमिगत झालाय, असं कचेरीच्या कारकुनांकडून मला कळलं. मावशीला मी सांगितलं नाही. ती आपली बाजारच्या दिवशी भाकरी टेकवून ठेवायची आणि दुपार कलली की गाईला घालायची.

आता इस्माईलचाचा. तो कल्हईवाला. खाणावळीच्या पितळी भांड्यांना वर्षातून चारदा कल्हई लागायची, ती तो परसात भट्टी लावून करायचा. कल्हईचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवसागर टाकून तापलेल्या भांड्यात कथील फिरवायचं हा शेवटचा भाग. त्याच्या आधी भांडं आतून लख्ख करावं लागतं आणि ते काम पायांचं असतं. वाळू आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन कल्हईवाला टोपात उभा राहतो, भिंतीला हात टेकतो आणि तळव्यांवर गरगर फिरतो, अर्धा गोल उजवीकडे, अर्धा डावीकडे. चाचाचे तळवे चपलेच्या कातड्यासारखे झाले होते. गावोगाव फिरायचा, वाड्यावस्त्यांवर, पोलीस लायनीत, सगळीकडे. बाजारच्या दिवशी मात्र कराडात असायचा आणि आमच्याकडे जेवायचा. त्याची हाळी “कल्हई एक!” आमची सगळी भांडी तो चमकवायचा, पण त्याच भांड्यातलं जेवण त्याला उंबऱ्याबाहेर पडवीत, पत्रावळीवर. तेव्हा ते आम्हाला खटकत नव्हतं. त्यालाही खटकत नसेल असं आम्ही धरून चाललो होतो.

आणखी एकच माणूस सांगायचा राहिला. खरपूस यायचा बंद होऊन पाचेक महिने झाले असतील, तेव्हा शेंगांचा एक व्यापारी जेवायला येऊ लागला. रोज यायचा, दाराकडे तोंड करून बसायचा, पाठ भिंतीला. त्याच्या नखांत शेंगांची माती कधी दिसली नाही. हे सगळं मी पाहिलं होतं. पाहण्याचाच तर मला गर्व होता. पण पाहणं वेगळं आणि विचार करणं वेगळं. मी फक्त “शेंगा एक!” अशी हाळी द्यायचो.

एकदा पंगत उठल्यावर तो मागे रेंगाळला. सुपारी कातरत म्हणाला, “गोपाळराव, आतल्या बाईंना दिसत नाही, तरी ज्याचं त्याला बरोबर कसं मिळतं हो?”

गोपाळराव! उभ्या आयुष्यात मला कुणी राव म्हणालं नव्हतं. सगळे गोपाच म्हणायचे. मी खांबाला टेकून बसलो आणि सगळी हाळी त्याला उलगडून सांगितली. कचेरी, तालीम, गुठळी. तो हसला, मांडीवर थाप मारली. मला आणखी चेव आला. म्हणालो, “हे काहीच नव्हे. वाळव्याकडचा एक आहे, खरपूस. पाच महिने झाले, फिरकला नाही. पण उद्या दाढी वाढवून आला, फेटा बांधून आला, तरी पाटावर बसला की मी ओळखणार आणि मावशी भाकरी भाजणार.”

“वा,” तो म्हणाला. “याला म्हणतात कसब.”

त्या रात्री मी बायकोला हे अभिमानानं सांगितलं. तिला तेव्हा दिवस गेलेले होते.

त्यानंतर तिसऱ्या बाजारी खरपूस आला. घोंगड्या विकणाऱ्याचा वेश, खांद्यावर दोन घोंगड्या, वाढलेली दाढी, डोईला कानडी पद्धतीचं मुंडासं. पडवीत पाय धुतले, चाचाच्या शेजारून आत आला आणि नेहमीची जागा सोडून कोपऱ्यातल्या पाटावर बसला. मान खाली. मी आमटीचं भांडं घेऊन रांगेत वाकलो होतो. त्यानं डावा गुडघा वर घेतला आणि अंगठ्यानं मीठ पानाच्या कडेला सारलं.

मी तोंड उघडलं नाही. ते आपोआप उघडलं, एवढंच मला सांगता येतं. इतक्या वर्षांची सवय. गुडघा दिसला, अंगठा दिसला आणि हाळी गेली.

“खरपूस एक!”

तिथंच थांबलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण सहा महिने भाकरी गाईला घालणारी म्हातारी पडद्यामागं होती. तिचा आवाज फुटला, “आला का! आला का माजा खरपूस! आरं लेकरा, कुटं हुतास रं इतकं दीस?”

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नवल होतं. शेंगांचा व्यापारी हातातला घास पानात टाकून उठला, हात न धुता उंबऱ्यापाशी गेला आणि त्यानं शिट्टी वाजवली. समोरच्या कापडाच्या दुकानातून चार शिपाई धावत आले. आतून परसात जायला वाट नव्हती, परसात बाहेरच्या बोळातूनच जायचं; आत फक्त सांडपाण्याची मोरी. त्याला पाटावरूनच उचललं. पान उपडं झालं, आमटी माझ्या पायावर सांडली. पंगतीतला एकही माणूस उठला नाही. मीही नाही हललो.

ते बोळाच्या तोंडाशी पोचले असतील, तेव्हा पडदा बाजूला झाला आणि मावशी बाहेर आली. तीस वर्षांत पहिल्यांदा. एका हातात चिमटा, चिमट्यात ती भाकरी. पंगतीतल्या पुरुषांनी तिला पाहिलं आणि खाली बघितलं. “कुटं हाय त्यो?” ती म्हणाली. “मला त्येचं त्वांड तरी बगू द्या.” ती उपड्या पानाकडे बघत उभी राहिली आणि मग आत गेली.

दोन महिन्यांनी कचेरीच्या कारकुनांनी नानांना हळूच सांगितलं, तो तुरुंगातच वारला. हगवण लागली होती म्हणे. त्याच्या आधी काय काय झालं असेल ते कारकुनांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, हाळी तर सगळ्या पंगतीनं ऐकली होती. ऐकली होती, पण आमच्याकडे रोज शंभर हाळ्या जायच्या. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, तसं लोकांचं झालेलं. शिवाय शिपाई आधीपासून समोर दबा धरून होते, म्हणजे कुणीतरी आधी खबर दिली असणार, असं जो तो म्हणू लागला. मीही मान डोलावली.

तो तुरुंगात वारल्याची बातमी आली, त्याच आठवड्यात दोन माणसं मला भेटली. दुपारची पंगत उठवून मी कृष्णा-कोयनेच्या संगमावर अंघोळीला गेलो होतो. दोघं घाटाच्या पायरीवर बसली होती. साधी माणसं, धोतर, पांढरी टोपी. एकाच्या हातात उसाचं कांडं होतं. भूमिगतांची माणसं आहेत हे मी त्यांच्या बसण्यावरून ओळखलं.

“त्या दिशी पंगतीला कोन कोन हुतं, गड्या?” एकानं विचारलं. आवाज अगदी मऊ.

मी सगळ्यांची नावं सांगितली. ती त्यांना आधीच ठाऊक असावीत.

“शेंगावाला पोलीस हुता ह्ये कळलंय आमाला. त्येला सांगितलं कुनी?”

“मला काय म्हाईत?”

“ह्यातल्या कुनाचं पोलिसात येनंजानं?”

घरी बायको बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. मुलगा झाला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही, माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते सांगतो. माझ्या डोक्यात माझे पाय होते. खबऱ्याच्या तळव्यांचं ही मंडळी काय करतात हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. मी म्हणालो, “कल्हईवाला जातो लायनीत. भांडी करायला. त्याच्या आदल्या दिवशी सकाळीच गेलता.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो खरोखरच गेला होता. पोलिसांच्या बायकांनाही कल्हई लागते.

त्यांनी उसाचं कांडं मला दिलं आणि ते निघून गेले. मी ते पाण्यात टाकलं.

चाचाला त्यांनी वाळव्याकडच्या वाटेवर गाठलं आणि उसाच्या फडात नेलं. भाता आणि भट्टीचं सामान बांधावर तसंच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी एका गाडीवानानं त्याला बैलगाडीतून घरी आणून सोडलं. दोन्ही तळवे काठ्यांनी फोडले होते. नाना बघून आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी बघायला गेलो नाही.

मावशीला सगळं कळलं. तिनं एका सकाळी पीठ मळता मळता मला जवळ बोलावलं. “गोपा, आपुन दोगं जाऊ आन् त्या लोकास्नी खरं काय त्ये सांगू. हाळी तुजी हुती आन् जीब माजी हुती. त्या गरिबाचा काय गुना?”

“मावशी, घरात बाळंतीण हाय. सव्वा म्हैना तरी हू दे.”

“बरं,” ती म्हणाली.

सव्वा महिना झाला. मग मी म्हणालो, पेरण्या उरकू दे. मग म्हणालो, पावसाचं कुठं जायचं. तिला जायचं कुठं आणि सांगायचं कुणाला, हे ठाऊक नव्हतं. संगमाच्या पायरीवरची माणसं मी पाहिली होती, तिनं नव्हे. तिनं तर त्या चुलीपलीकडचं जगच पाहिलं नव्हतं. ती रोज सकाळी माझ्याकडे बघायची आणि मी पाण्याची घागर उचलून बाहेर जायचो. त्या पावसात तिला हिवताप झाला आणि आठ दिवसांत ती गेली. शेवटपर्यंत बाजारच्या दिवशी एक भाकरी निखाऱ्याला टेकवत होती. ती भाकरी गाईला घालायचं कामही पुढं माझ्याकडं आलं होतं.

मावशी गेल्यावर हाळीला उत्तर येईना. नवी स्वयंपाकीण होती, ती बिचारी सगळ्यांना सारखंच वाढून द्यायची. मी हाळी द्यायची सोडली. नानांनी विचारलं तर घसा धरलाय म्हणालो. गुठळीवाले सोनार महिनाभर आले आणि मग यायचे थांबले.

चाचाचे पाय भरले, पण टोपात उभं राहणं संपलं. कुबडी घेऊन चालायचा. भांडी बसून, हातानं घासायचा. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागायचे. गावोगावचं काम दुसऱ्या कल्हईवाल्यांकडे गेलं. त्याला पोलिसांचा खबऱ्या म्हणून लोक भांडी देईनात आणि पोलीस लायनीतून पाय गेलेला म्हणून देईनात. आमची भांडी मात्र नाना त्यालाच द्यायचे. परसात बसून तो काम करायचा, मी मागच्या भिंतीआडून त्याला जेवण नेऊन ठेवायचो आणि परत फिरायचो. अशी पाचेक वर्षं गेली.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आत पंगत बसली होती. चाचा परसात मोठा टोप मांडीत धरून घासत होता. मी पत्रावळ ठेवली, वाढलं आणि या वेळी परत फिरलो नाही. तिथंच उकिडवा बसलो.

“चाचा, त्या दिवशीची ती हाळी...”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला. हात थांबला नाही.

“काय म्हाईत हाय?”

“मी पडवीतच हुतो न्हवं? तुजी हाळी ऐकली. म्हातारीचं ऐकलं. त्यो शेंगावाला उटला, त्यो माज्या पत्रावळीवर पाय दिऊन भाईर गेला.”

“मग त्या लोकांना सांगितलं का न्हाई?”

“सांगनारच हुतो. त्वांडावर आलतं.” त्यानं टोप उन्हात धरून आत पाहिलं. “मग म्हनलं, ह्येंनी म्हातारीला बोलावलं तर? तिनं काय केलतं? लेकराची वाट बगितली, यवडंच. पडद्याआडनं का हुईना, धा वरसं तिच्या हातचं खाल्लं. तिचं नाव घ्यायला जीब उचलंना.”

“माझं तरी घ्यायचं.”

“तुजं घेतलं की तिचं आलंच.”

त्यानं टोप खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “पर येक सांग, गोपा. मी लायनीत जातो ह्ये तू त्येंस्नी का सांगितलंस रं? मारताना त्येच म्हनत हुते, वाडप्यानं सांगितलं म्हून. खोटं न्हवतं त्ये. मी जातच हुतो. पर का सांगितलंस?”

मी पाच वर्षं बरीच उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“भ्यालो हुतो, चाचा.”

“व्हय,” तो म्हणाला. “भ्याला आसशील.”

माफ केलं असं तो म्हणाला नाही. त्यानं पत्रावळ पुढं ओढली, भाकरी चाचपली. “गार हाय ही. हाळी दे. गरम आनू दे.”

“हाळी बंद केलीया, चाचा.”

“म्हाईत हाय. दे.”

मी उठलो. परसातून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलो. खिडकीतून चूल, पडदा आणि पडद्याच्या फटीतून पंगतीतली माणसं दिसत होती. आवाज निघाला तो एकदम मोठा निघाला.

“कल्हई एक!”

पंगतीतले हात थांबले. जुनी माणसं होती त्यांनी मान वर केली. चुलीपुढच्या नव्या बाईनं दचकून माझ्याकडं पाहिलं. “कल्हई? कोन कल्हई?”

मागून परसातून चाचाचा आवाज आला. “सांग की तिला, कोन त्ये.”

बारापंधरा माणसं ऐकत होती. कचेरीचे कारकून होते, वाळव्याकडचेही दोघंतिघं होते. मला फक्त चार वाक्यं बोलायची होती. मावशी असती तर तिनं ती पडद्याबाहेर येऊन बोलून टाकली असती.

मी त्या बाईला म्हणालो, “बाहेरचं एक पान आहे. भाकरी द्या.”

तिनं दिली. ती मी नेऊन चाचाच्या पत्रावळीवर ठेवली. त्यानं ती पूर्ण खाल्ली, पत्रावळ गुंडाळली, उरलेली भांडी संध्याकाळपर्यंत पुरी केली आणि कुबडी घेऊन गेला. नंतर नानांनी निरोप पाठवला तरी तो आला नाही. पुढच्या साली वारला. लोक त्याला शेवटपर्यंत खबऱ्याच म्हणत होते. वाळव्याकडची म्हातारी माणसं आजही म्हणतात. मी वीस वर्षं आणखी वाढपी होतो आणि रोज त्यातल्या कुणाला ना कुणाला वाढत होतो.

तेव्हा संपादकांनी हे खमंग वाटलं नाही तर छापू नये. पण नानांच्या नातवानं मात्र वाचावं आणि खाणावळीत कुणी जुन्या हाळीबद्दल विचारलं, तर त्या बाईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. कल्हई म्हणजे इस्माईलचाचा. त्यानं कुणाची खबर कुणाला दिली नव्हती. हाळी मी दिली होती.